उलटा वजीर दिसला तर पान उलटू नका: फेअरी बुद्धिबळाची कोडी सोडवायला शिकताना

बुद्धिबळाच्या कोड्यांचा एखादा संग्रह चाळताना मधेच एक वेगळीच आकृती समोर येते. पट नेहमीचा, चौसष्ट घरांचा. दोन्ही राजे हजर. पण एका घरात वजीर चक्क डोक्यावर उभा, आणि आकृतीखाली ‘तीन चालींत मात’ असं सरळ लिहायचं सोडून कसली तरी अक्षरं, एक आकडा आणि एक अनोळखी शब्द. बहुतेक जण इथे पान उलटतात. मीही बरीच वर्षं उलटत होतो. तो वजीर म्हणजे छपाईची चूक नाही, ती एक वेगळीच सोंगटी आहे, हे कळल्यावर मात्र मागची सगळी पानं पुन्हा काढून बसलो.

या प्रकाराला फेअरी चेस म्हणतात. नेहमीच्या नियमांपैकी काहीतरी इथे बदललेलं असतं. कधी सोंगटी नवी, कधी उद्दिष्ट नवं, तर कधी पटावरचा कायदाच नवा. ही कोडी शक्यतो दोघांनी खेळायला नसतात, एकट्याने सोडवायला असतात. त्यामुळे तुमचं खेळाडू म्हणून मानांकन काय आहे, याला इथे फारशी किंमत नाही. सोंगट्या कशा चालतात आणि शह-मात म्हणजे काय, एवढं पक्कं असलं की पुरे. उलट, सराईत खेळाडूंना इथे सवयीच नडतात.

या शाखेला आकार दिला तो इंग्लंडच्या थॉमस रेनर डॉसन यांनी (१८८९–१९५१). उलट्या वजिराने दाखवतात ती सोंगटी त्यांनी १९१३ साली आणली. सहा हजारांहून अधिक कोडी रचली आणि केवळ याच विषयाला वाहिलेलं नियतकालिक वर्षानुवर्षं चालवलं. आज जे नियम आणि सोंगट्या सर्रास वापरात आहेत, त्यांतल्या कितीतरी त्यांच्याच डोक्यातून निघालेल्या आहेत.

आधी ओळ, मग आकृती

नवख्याने लावून घ्यायची पहिली सवय म्हणजे सोंगट्यांकडे न बघता आकृतीखालची ओळ वाचायची. नेहमीच्या कोड्यात ती ओळ वाचली नाही तरी चालून जातं, कारण पांढऱ्याची चाल आणि मात हे गृहीतच असतं. इथे काहीच गृहीत नसतं.

नुसतं #३ असेल तर पांढरा सुरुवात करून तीन चालींत मात देणार. # च्या आधी ‘एच’ असेल तर हेल्पमेट, ‘एस’ असेल तर सेल्फमेट (दोन्ही पुढे उलगडतो), ‘सेर’ असेल तर एकच बाजू सलग चाली करणार आणि दुसरी बघत बसणार. # च्या जागी = असेल तर मातीऐवजी स्टेलमेट करायचं, म्हणजे शह नसताना एकही चाल उरू द्यायची नाही. त्याखाली नियमाचं नाव असतं, म्हणजे मद्रासी, सर्सी वगैरे, आणि नव्या सोंगट्यांची ओळख असते. एकाहून जास्त उत्तरं असतील तर किती, तेही तिथेच लिहिलेलं असतं. कंसात ५+३ असं काही दिसलं तर ती पांढऱ्या आणि काळ्या सोंगट्यांची मोजणी असते. पटावर मांडणी करून झाली की ती ताडून बघा. एक प्यादं मांडायचं राहिलं म्हणून अख्खी संध्याकाळ वाया गेल्याचं उदाहरण माझ्याच घरात आहे.

मांडणी शक्यतो खऱ्या पटावरच करा. उलटा वजीर खऱ्या पटावर उभा राहत नाही, तेव्हा त्याच्या जागी बाटलीचं झाकण किंवा नाणं ठेवायचं.

मराठी माणसाला नडणारा नावांचा घोळ

ही अडचण खास आपली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. फेअरी सोंगट्यांच्या यादीत ‘वझीर’ नावाची सोंगटी आहे. ती आडवी किंवा उभी एकच घर चालते. आपला वजीर म्हणजे पटावरची सगळ्यात बलाढ्य सोंगटी. नाव तेच, पण ऐपतीत जमीन-अस्मानाचा फरक. यादीत ‘कॅमल’ही आहे, म्हणजे शब्दशः उंट. पण तो घोड्यासारखी उडी मारतो. घोडा एका दिशेला दोन आणि बाजूला एक घर जातो, तर कॅमल एका दिशेला तीन आणि बाजूला एक. गंमत अशी की कॅमल आयुष्यभर एकाच रंगाच्या घरांत राहतो, आणि तिरका चालणारा आपला उंटही तसाच. ‘अल्फिल’ तिसरा. तो तिरकी दोन घरांची उडी मारतो. अरबीत त्याच्या नावाचा अर्थ हत्ती. जुन्या शतरंजातली हीच सोंगटी बदलत बदलत आजचा उंट झाली. म्हणजे त्यांचा हत्ती तो आपला उंट, आणि आपला हत्ती सरळ रेषेत चालणारा निराळाच.

यावर मी काढलेला तोडगा साधा आहे. नेहमीच्या सहा सोंगट्यांना राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादं ही आपलीच नावं ठेवायची, आणि फेअरी सोंगट्यांना त्यांच्या परक्या नावानेच हाक मारायची. अपवाद मी एकच करतो. ग्रासहॉपरला, म्हणजे त्या उलट्या वजिराला, नाकतोडाच म्हणतो, कारण आपल्या पटावर नाकतोडा आधीपासून कुणी नाही.

पहिला मुक्काम: हेल्पमेट

नव्या सोंगट्यांकडे वळायच्या आधी नेहमीच्याच सोंगट्यांनी उद्दिष्ट बदलून बघा. काटेकोरपणे बोलायचं तर हेल्पमेट आणि सेल्फमेट आता फेअरीत मोजत नाहीत. त्यांच्या स्वतंत्र शाखा झाल्या आहेत, आणि कोडी सोडवण्याच्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या वेगळ्या फेऱ्या असतात. पण डोक्यातल्या सवयी मोडायला यांच्याइतकं चांगलं साधन नाही.

हेल्पमेटमध्ये काळा आणि पांढरा मिळून काळ्या राजावर मात घडवून आणतात. भांडण नाहीच, संगनमत आहे. पहिलं हेल्पमेट माक्स लांगे यांनी १८५४ मध्ये मांडलं. काळ्याने सुरुवात करायची रीत सॅम लॉइड यांच्या १८६० च्या कोड्यापासून आली आणि तीच रुळली. तेव्हा लक्षात ठेवा: हेल्पमेटमध्ये पहिली चाल काळ्याची, आणि उत्तर लिहितानाही काळ्याची चाल आधी. हे न कळल्यामुळे माझ्या पहिल्या हेल्पमेटशी मी दोन रात्री झटलो आणि शेवटी कोडंच चुकीचं आहे असं ठरवून झोपलो. कोडं बरोबर होतं.

अंग मोकळं करायला हे घ्या. (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी रांग; पांढऱ्याच्या डाव्या हाताचा कोपरा ए१.) पांढरा राजा एफ७, पांढरा हत्ती ए१, काळा राजा एच७. एका चालीचं हेल्पमेट. पांढऱ्याची पाळी असती तर हत्ती एच१ वर आणून आत्ताच मात होती. पण आधी काळ्याला हलावं लागतं, आणि हलूनही मातीची सोय मोडायची नाही. एच६ वर गेला तर हत्तीच्या शहानंतर जी५ ची वाट मोकळी राहते. म्हणून राजा एच८, मग हत्ती एच१, मात.

आता जरा खोलात जाऊ. पांढरा: राजा जी३, उंट सी८. काळा: राजा एच१, प्यादं जी२. पुन्हा एकाच चालीचं हेल्पमेट. पटावर चारच सोंगट्या आहेत.

उलटीकडून विचार करा. मातीचं चित्र कसं असेल? काळा राजा कोपऱ्यात आहे. जी२ आणि एच२ ही घरं पांढऱ्या राजाने अडवली आहेत. राहिलं जी१. पांढऱ्याकडे शह देण्यासाठी एकटा उंट आहे, आणि तो शह ए८ ते एच१ या मोठ्या कर्णावरूनच येऊ शकतो. त्यासाठी जी२ वरचं प्यादं वाटेतून बाजूला व्हायला हवं, आणि जी१ हे घर बुजायला हवं. दोन्ही कामं एका चालीत होतात: प्यादं जी१ वर जाऊन बढती घेतं.

पण कशाची बढती? हात आपोआप वजिराकडे जातो. पण वजीर झाला तर जी३ वरच्या पांढऱ्या राजालाच शह बसतो, मग पांढरा मात कसली देणार. हत्ती झाला तरी तेच. घोडा झाला तर शह बसत नाही, पण उंट बी७ वर आला की घोडा एफ३ वर येऊन आडवा उभा राहतो. उरला उंट. जी१ वरचा उंट काळ्या घरांचा असतो, त्यामुळे पांढऱ्या घरांच्या मोठ्या कर्णावर तो कधीच येऊ शकत नाही. म्हणून प्यादं जी१ वर उंट होतं, पांढरा उंट बी७ वर येतो आणि मात. दुसरं कुठलंही उत्तर नाही.

काळा मुद्दाम सगळ्यात कुचकामी सोंगटी निवडतो, हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा हसूच येतं. हेल्पमेट सोडवताना प्रश्न विचारायचा तो असा: मातीच्या चित्रात काळ्याच्या कोणत्या सोंगट्या कुठल्या घरात अडगळ म्हणून बसलेल्या हव्यात?

दुसरा मुक्काम: सेल्फमेट

इथे संगनमत संपतं. पांढऱ्याला स्वतःवर मात ओढवून घ्यायची असते, आणि काळ्याला ती द्यायची नसते. म्हणजे काळ्याला मात दिल्याशिवाय गत्यंतरच उरू नये, अशी पांढऱ्याने व्यवस्था करायची. खेळाडूच्या मनाला हे फार अवघड जातं, कारण शह दिसला की तो टाळायचा, हे हाडीमासी खिळलेलं असतं.

पांढरा: राजा एच१, वजीर ए२, उंट जी१. काळा: राजा एच३, प्यादी एफ३ आणि एच४. एका चालीचं सेल्फमेट.

उत्तर वजीर जी२, शह. काळ्या राजाला वजीर मारता येत नाही, कारण त्याला पांढऱ्या राजाचा जोर आहे. जी३ आणि जी४ वजिराने रोखली आहेत, एच२ वर जाता येत नाही, एच४ वर त्याचंच प्यादं आहे. शहातून सुटायला एकच वाट: एफ३ वरच्या प्याद्याने वजीर मारायचा. आणि तसं केलं की पांढऱ्या राजावर मात. जी१ वर त्याचाच उंट बसलेला, एच२ वर जायची सोय नाही, आणि जी२ वरच्या प्याद्याला काळ्या राजाचा जोर.

आता एक प्रयोग करा, कारण रचनेचं मर्म त्यात आहे. एच४ वरचं प्यादं उचला. काळा राजा एच४ वर निसटतो, कोडं संपलं. ते परत ठेवून जी१ वरचा उंट उचला. मग पांढरा राजा जी१ वर निसटतो आणि मात राहत नाही. चांगल्या कोड्यात एकही सोंगटी शोभेपुरती नसते. सोडवताना याचा फायदा घ्या. एखादी सोंगटी निरुपयोगी वाटली की तिच्यावरच बोट ठेवा आणि विचारा, तू इथे का आहेस? निम्मं उत्तर तीच सांगते.

तिसरा मुक्काम: नाकतोडा

आता उलटा वजीर. नाकतोडा वजिराच्याच रेषांत चालतो, म्हणजे उभा, आडवा, तिरका. पण वाटेत एखादी सोंगटी असली तरच. ती आपली असो वा प्रतिपक्षाची, तिच्यावरून उडी मारून तिच्या लगेच पलीकडच्या घरात तो उतरतो. ते घर रिकामं असेल तर बसतो, तिथे प्रतिपक्षाची सोंगटी असेल तर तिला मारतो. ज्या सोंगटीवरून उडी मारली तिला काही होत नाही. उडी मारायला कुणी नसेल तर नाकतोडा जागचा हलत नाही.

नियम दोन वाक्यांचा आहे, पण परिणाम दूरवर जातात. पांढरा: राजा सी७, नाकतोडा एफ१, घोडा बी१, प्यादं बी५. काळा: राजा ए८, प्यादं ए७. एका चालीत मात, हेल्पमेट वगैरे काही नाही, सरळ मात.

नाकतोड्याकडे दोन उड्या आहेत. पहिल्या रांगेत बी१ वरच्या घोड्यावरून ए१, किंवा कर्णावर बी५ वरच्या प्याद्यावरून ए६. पहिल्या उडीचा मोह होतो. ए१ वरून उभ्या रेषेत पाहिलं तर वाटेत ए७ वरचं प्यादं, त्याच्या पलीकडे राजा. म्हणजे शह. बी७ आणि बी८ ही घरं पांढऱ्या राजाने अडवली आहेत. मात झाली?

नाही झाली. काळा आपलं प्यादं ए६ वर सरकवतो, आणि शह विरून जातो. आता नाकतोड्याची उडी ए६ वरून ए७ वर पडते, राजापर्यंत पोहोचतच नाही. नेहमीच्या बुद्धिबळात शहातून सुटायचे तीन मार्ग असतात: राजा हलवा, शह देणाऱ्याला मारा, किंवा मधे काहीतरी घाला. नाकतोड्यासमोर चौथा मार्ग उघडतो: ज्याच्या पाठीवरून शह येतोय, त्यालाच बाजूला करा. हे डोक्यात ठसलं की नाकतोड्याची अर्धी कोडी सुटायला लागतात.

म्हणून खरं उत्तर ए६. नाकतोडा प्याद्याला अगदी खेटून बसतो. शह तसाच आहे, पण आता त्या प्याद्याला सरकायला जागाच नाही. मात.

नाकतोड्याला शह देताना पाहिलंत की दोन प्रश्न विचारा: पायाखालची सोंगटी हलू शकते का? आणि मधे दुसरं कुणी येऊ शकतं का? कारण नाकतोडा एका वेळी एकाच सोंगटीवरून उडतो. मधे आणखी एक आली की उडी तिच्याच पलीकडे पडते. आणखी एक संकेत सांगून ठेवतो. कोड्यात नाकतोडा असेल तर प्याद्याला बढती घेताना नाकतोडाही होता येतं. हे विसरल्यामुळे चुकलेली उत्तरं पुष्कळ.

बाकीच्या सोंगट्यांचा पसारा मोठा आहे, पण घराणी तीनच लक्षात ठेवली तरी वाट सापडते. ठरावीक अंतराची उडी मारणारे, म्हणजे कॅमल, किंवा दोन-तीन अशी उडी मारणारा झेब्रा. तीच उडी एका दिशेत पुन्हा पुन्हा मारणारे. यात डॉसनचा १९२५ चा नाइटरायडर येतो, बी१ वरून सी३, डी५, ई७ असा घोड्याच्या पावलांनी सरळ पळणारा. वाटेतल्या या घरांपैकी एखादं अडलेलं असेल तर तिथेच थांबतो. आणि तिसरे, नाकतोड्यासारखे दुसऱ्याच्या पाठीचा आधार लागणारे. नवी सोंगटी भेटली की ती कुठल्या घराण्यातली एवढं पाहा, बाकी तपशील आपोआप बसतात.

चौथा मुक्काम: पटाचा कायदाच बदलला तर

सोंगट्या जुन्याच, पण सगळ्या पटाला एक नियम लागू. माझ्या मते फेअरीतली खरी मजा इथे आहे.

सुरुवात मद्रासीपासून करा. अब्दुल जब्बार करवटकर या भारतीय रचनाकाराने १९७९ मध्ये आणलेला हा नियम आज जगभर वापरला जातो. सांगायला सोपा आहे: एखाद्या सोंगटीवर प्रतिपक्षाच्या तशाच सोंगटीचा मारा असेल, तर ती लुळी पडते. हत्तीवर हत्तीचा मारा, उंटावर उंटाचा, घोड्यावर घोड्याचा. लुळी सोंगटी हलत नाही, मारत नाही, शहही देत नाही. समोरच्या तशाच सोंगटीला लुळं पाडायचं काम मात्र तिचं चालूच राहतं. राजांना हा नियम लागत नाही, तसं वेगळं सांगितलं असेल तरच लागतो.

आता हे मांडा. पांढरा: राजा जी१, वजीर ई१, हत्ती ए१. काळा: राजा एच८, हत्ती ए८, प्यादी जी७ आणि एच७. एका चालीत मात.

नेहमीच्या नियमांत शाळकरी पोरगंही सांगेल: हत्तीने हत्ती मारला, मागच्या रांगेत मात. वजीर ई८ वर नेला तर काळा हत्ती त्याला खाऊन टाकतो.

मद्रासीत नेमकं उलटं होतं. ए१ आणि ए८ वरचे दोन्ही हत्ती एकमेकांकडे बघत लुळे पडलेत. पांढरा हत्ती काही मारूच शकत नाही. पण काळा हत्तीही वजिराला मारू शकत नाही! म्हणून वजीर ई८, आणि मात. मांडणी तीच, सोंगट्या त्याच, पण इथे चालणारी चाल तिथे चालत नाही आणि तिथली इथे. आकृतीखालचा एक शब्द वाचला नाही तर काय होतं, याचा याहून स्वच्छ पुरावा माझ्याकडे नाही.

मद्रासीचं कोडं हाती घेतलं की सोंगट्या कशा चालतात हे बघायच्या आधी कोण कोणाला लुळं पाडतंय याची जोडी-जोडीने मोजदाद करा. प्रत्येक चालीनंतर पुन्हा. मधल्या रेषेत एखादी सोंगटी आली की लुळेपण सुटतं, हलली की पुन्हा लागतं. सगळा खेळ तिथेच असतो.

दुसरा प्रसिद्ध नियम सर्सी, १९६८ सालचा, फ्रान्समधून आलेला. ग्रीक कथांमधल्या जादूगारणीचं नाव त्याला दिलंय. इथे मेलेली सोंगटी मरत नाही. ती डावाच्या सुरुवातीला जिथे असते त्या घरात पुन्हा जन्मते. ते घर अडलेलं असेल तरच कायमची जाते. प्यादं ज्या उभ्या ओळीत मारलं गेलं तिथल्या आपल्या मूळ घरात येतं. हत्ती, उंट, घोडा यांची मूळ घरं दोन-दोन असतात, तेव्हा ज्या रंगाच्या घरात मेले त्याच रंगाच्या मूळ घरात जन्मतात. राजाचा प्रश्नच येत नाही.

रंगाची ही अट नवख्यांना हमखास गोंधळात टाकते, म्हणून एक मांडणी. पांढरा: राजा जी१, हत्ती सी१. काळा: राजा जी८, हत्ती सी८, प्यादी एफ७, जी७, एच७. नेहमीच्या नियमांत हत्तीने सी८ वर मारलं की मात. सर्सीत? सी८ हे पांढरं घर. काळ्या हत्तींच्या मूळ घरांपैकी पांढरं घर ए८, एच८ काळं. म्हणजे मेलेला हत्ती ए८ वर ताबडतोब उभा राहतो, आणि पुढच्याच चालीला सी८ वरच्या पांढऱ्या हत्तीला मारतो. मात तर नाहीच, वर हा पांढरा हत्तीही पांढऱ्या घरात मेला म्हणून एच१ वर परत जन्मतो. दोघंही जिवंत, आणि जागा बदललेल्या.

तेव्हा सर्सीत कुठलीही सोंगटी मारण्याआधी विचारा, ही कुठे उगवणार? पुष्कळदा मारण्याचा हेतूच तो असतो: आपल्याला हवी तिथे प्रतिपक्षाची सोंगटी पोहोचवणं.

बाकीचे नियम मी इथे उलगडत बसत नाही. मॅक्सिममरमध्ये काळ्याला अंतराने सगळ्यात लांबची चालच करावी लागते. आंडरनाखमध्ये राजाखेरीज कुणीही मारलं की मारणाऱ्याचाच रंग बदलतो, म्हणजे तो तिथल्या तिथे पक्षांतर करतो. नावांची यादी संपता संपत नाही. एका वेळी एकच नियम घ्या, त्याची सोपी दहा कोडी सोडवा, मगच दुसऱ्याकडे जा. दोन नियम एकत्र असलेल्या कोड्यांना पहिल्या वर्षी हात लावू नका. मी लावला होता, आणि शिकलो काहीच नाही.

अडलं की काय करायचं

उत्तर लगेच बघू नका, पण तासन्‌तास झटतही बसू नका. माझा हिशेब अर्ध्या तासाचा आहे. तेवढ्यात वाट दिसली नाही तर उत्तरातली फक्त पहिली चाल बघतो आणि उरलेलं स्वतः शोधतो. उत्तर वाचताना मोहात पाडणाऱ्या फसव्या चालींकडेही लक्ष द्या. चालीपुढे प्रश्नचिन्ह असतं आणि मग काळ्याचं ती हाणून पाडणारं उत्तर. रचनाकाराने बहुतेक वेळा जीव ओतलेला असतो तो तिथेच. आपल्या नाकतोड्याची ए१ ची उडी हा तसाच एक चकवा होता.

स्वतः रचायचं असेल तर

दहा-वीस कोडी सोडवल्यावर हात शिवशिवायला लागतात. लागू द्या. सुरुवात मातीच्या चित्रापासून करा, आणि मागे मागे या: काळा राजा, त्याची अडवलेली घरं, शह देणारी सोंगटी, मग ती तिथे कशी आली. वरची सगळी कोडी मी अशीच मांडली आहेत, म्हणून ती इतकी छोटी आहेत.

मग तपासणी. पॉपआय नावाचा मोफत संगणक प्रोग्राम आहे. त्याला शेकडो फेअरी सोंगट्या आणि नियम कळतात. मांडणी, उद्दिष्ट आणि नियम दिला की तो एकूण एक उत्तरं शोधून काढतो. छापील कोड्यांखाली ‘सी+’ दिसतं, त्याचा अर्थ संगणकाने ते तपासून अचूक ठरवलं आहे. तुमच्या मनातल्या उत्तराशिवाय दुसरं उत्तर निघालं तर त्याला कूक म्हणतात, आणि कूक निघालेलं कोडं बाद. माझ्या पहिल्या रचनेत मी एक देखणी चाल दडवली होती. पॉपआयने तीही काढली, आणि शिवाय सहा उत्तरं, सगळी माझ्यापेक्षा साधी. एक प्यादं वाढवून पाहिलं, तर नऊ झाली. ते कोडं अजून वहीत तसंच पडून आहे.

आता एक तुमच्यासाठी. मद्रासीची वरची मांडणी तशीच पटावर ठेवा: पांढरा राजा जी१, वजीर ई१, हत्ती ए१, काळा राजा एच८, हत्ती ए८, प्यादी जी७ आणि एच७. फक्त मद्रासी काढून सर्सी लावा, आणि एका चालीत मात शोधा. हत्तीने हत्ती मारला तर मेलेला हत्ती पुन्हा उगवून मात मोडेल, असं वाटेल. तो ज्या घरात मेला त्याचा रंग बघा, आणि मग त्याच्या जन्मघरात त्या क्षणी कोण बसलंय ते बघा.